नत्थूजी पटवाऱ्याच्या त्रेचाळीस विहिरी

टॅबलेट विहिरीत पडला तेव्हा आवाज फारसा झाला नाही. एवढं सरकारी यंत्र, पाठीवर खात्याचं गोल बोधचिन्ह, पोटात सबंध गावाच्या सिंचनाची माहिती. त्या मानानं काहीतरी दणका व्हायला हवा होता. पण खालून नुसतं 'बुडुक' असं आलं, एखाद्या बेडकानं जागा बदलावी तसं, आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

प्रशिक कठड्यावर ओणवा होता तो तसाच राहिला. दोन्ही हात पुढे, बोटं अजून टॅबलेट धरल्यासारखी वाकलेली. सांख्यिकी सहायक या पदावर लागून त्याला चौदा महिने झाले होते आणि या चौदा महिन्यांत त्याच्या हातून आकडा सोडाच, साधा स्टेपलरसुद्धा कधी पडला नव्हता.

विहीर रंभाबाईची. ती पलीकडच्या वाफ्यात पालकाच्या जुड्या बांधत बसली होती. ती उठून आली, आत डोकावली, मग प्रशिककडे पाहिलं.

"बाबू, ते पाण्यात चालते का?"

"नाही," प्रशिक म्हणाला.

"मंग काहून टाकलं?"

याचं उत्तर प्रशिकपाशी होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. गेले नऊ दिवस हा टॅबलेट मोहगोंदीचे पटवारी नत्थूजी यांच्याकडे होता आणि नत्थूजी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून असा नेत, की बघणाऱ्याला वाटावं बारशाचं बाळ चाललंय. पंधरा मिनिटांपूर्वी प्रशिकनं तो त्यांच्याकडून मागून घेतला होता. "नत्थूजी, तुमचा अँगल चुकतो. फोटोत पाण्याची पातळी स्पष्ट दिसायला पाहिजे. द्या, मी दाखवतो कसा काढायचा." आणि त्यानं दाखवलं.

नत्थूजी हातातल्या दोरीचं वेटोळं करत उभे होते.

पटवारी हे त्यांचं पद आता उरलेलं नाही, हे आधी सांगायला हवं. सरकारनं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, तसा नवा शिक्का आला, नवी पाटी आली. गावानं ती पाटी वाचली आणि "पटवारी आहेत का आत?" असं विचारत आत शिरायचं चालू ठेवलं. नत्थूजी स्वतःही फोन उचलून "पटवारी बोलतो" असंच म्हणत. वय छप्पन्न, अंगानं काटक, शर्टाच्या खिशात दोन पेनं; त्यातलं एक चालणारं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं.

आणि प्रशिक त्यांच्या गावात आला कशाला, तर नत्थूजींचे आकडे संशयास्पद आहेत म्हणून.

देशभरातल्या विहिरी मोजण्याचं काम चालू होतं. कोणत्या गावात किती विहिरी, किती खोल, पाणी कितीवर, पंप कोणता, भिजतं किती रान. गावाचा आकडा तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा राज्याला आणि राज्याचा दिल्लीला, अशी ही उतरंड. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून प्रशिक जिल्ह्याचे आकडे तपासत असे. त्याचं आपलं छान चाललं होतं. सगळ्या गावच्या विहिरी कशा देखण्या: दहा मीटर, बारा मीटर, पंधरा मीटर. मग एक दिवस मोहगोंदीची मागच्या वेळची यादी उघडली आणि त्याच्या अंगावर काटा आला. सात पूर्णांक तीन. अकरा पूर्णांक नऊ. आठ पूर्णांक सहा. कॉम्प्युटरनं ते सगळं गाव लाल करून ठेवलं होतं आणि शेजारी शेरा मारला होता, 'आकडे इतर गावांशी विसंगत. प्रत्यक्ष पडताळणी करावी.'

जिल्ह्यात एकाच माणसानं विहिरी खरोखर मोजल्या होत्या आणि म्हणून चौकशी त्याचीच लागली होती. हे प्रशिकच्या लक्षात पुढे आलं. त्या शनिवारी मात्र तो रागातच बसनं निघाला. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या तरी मान वळवली की दिसतच राहतात, त्या चिमण्यांकडे बघत तो मनाशी म्हणत होता, की विहीर एवढी वाकडीतिकडी खोल असेलच कशी.

नत्थूजींची मोजायची पद्धत अशी. एक सुती दोरी, तिला दर दहा सेंटिमीटरवर गाठ, मीटरच्या गाठीला तांबडं सूत. दोरीच्या टोकाला नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला पितळी लोटा. लोटा तळाला टेकवायचा, गाठी मोजायच्या, खोली झाली. वर घेताना दोरी जिथवर ओली, तिथवर पाणी. तो आकडा दुसरा. मग लोटा वर आला, की त्यातलं घोटभर पाणी नत्थूजी पीत. ते प्यायल्याशिवाय 'विहीर वापरात आहे' या रकान्यात ते खूण करत नसत. प्रशिकनं विचारलं होतं, "हे कुठल्या सूचनापत्रात आहे?"

"कायच्यातच नाही," नत्थूजी म्हणाले होते. "पण लोक सांगतात वापरात आहे, अन् आत मेलेली घूस राहते. जीभ लावली का समजते."

तर त्या नऊ दिवसांत नत्थूजींनी जुन्या यादीतल्या त्रेचाळीसही विहिरींपाशी जाऊन टॅबलेटमध्ये नोंद केली होती आणि चव्वेचाळिसाव्या, म्हणजे रंभाबाईच्या नव्या विहिरीची नोंद चालू असताना ही 'बुडुक' झाली. ती सगळी माहिती अजून टॅबलेटमध्येच होती. रोज संध्याकाळी टाकीच्या टेकडीवर चढून, जिथं जरा नेटवर्क लागतं तिथून, त्या त्या दिवसाची माहिती पाठवून देतो असं नत्थूजी म्हणत होते. प्रशिकनंच फोनवरून मना केलं होतं. तुकड्या-तुकड्यानं माहिती आली की जिल्ह्याच्या तक्त्यात गाव अर्धवट दिसतं, पिवळं पडतं, आणि वरून विचारणा होते. "राहू द्या, मी शनिवारी येतो, तपासतो आणि एकदमच पाठवतो." तेही त्यानं एकदमच केलं होतं.

रंभाबाईनं घरून लोखंडी गळ आणला, पडलेल्या बादल्या काढायचा. पहिल्या खेपेला एक बादली वर आली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"माही आहे. दोन वर्सांपासून पाहून राहिली होती."

दुसऱ्या खेपेला एक चप्पल आली. ती कोणाची हे ठरेना. चौथ्या खेपेला टॅबलेट आला, कव्हरच्या कानाला अडकून, चारी बाजूंनी पाणी गाळत. प्रशिकनं बटण दाबलं. आतून एक छोटा मासा निघाला असता तरी त्याला कमी दुःख झालं असतं. काहीच निघालं नाही.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता यंत्रणा बंद होणार होती. ज्या गावची माहिती तोवर येणार नाही, त्या गावची मागच्या मोजणीची माहिती आपोआप कायम होणार होती. प्रशिकनं आपल्या मोबाईलवरून अदिती मॅडमना फोन लावला. अदिती मॅडम म्हणजे त्याच्या वरच्या अधिकारी, संतापत नसत, फक्त हळू बोलत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू विचारलं, "मागच्या वेळी गावात विहिरी किती होत्या?"

"त्रेचाळीस, मॅडम."

"आणि आता?"

प्रशिकनं नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजी म्हणाले, "एक बुजली, एक नवी झाली. त्रेचाळीस."

"त्रेचाळीस, मॅडम."

मॅडमच्या आवाजात हसू आल्यासारखं झालं. "मग प्रशिक, प्रश्न काय आहे? सोमवारी पाच वाजता आपोआप त्रेचाळीस जाणार. तेच बरोबर आहे. माझ्या सगळ्या नोकरीत काहीही न करता बरोबर आलेला हा पहिला आकडा. टॅबलेटचं नंतर बघू. ये तू परत."

प्रशिकच्या छातीवरचा दगड उतरला. एम.एस्सी.ला शिकवलेलं सगळं संख्याशास्त्र त्याला एकदम कोमल आणि दयाळू वाटू लागलं. त्यानं फोन खिशात ठेवला आणि नत्थूजींना ही गोड बातमी दिली. एकूण तीच, तालुक्याची बेरीज तीच, जिल्ह्याची तीच, दिल्लीची तर तीच ती. आता काही करायचं नाही.

"बरं," नत्थूजी म्हणाले. त्यांनी दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं, लोटा काखेत घेतला आणि बांधावरून चालू लागले.

"कुठे निघालात?"

"एक नंबरले."

"एक नंबरची काय गरज आहे? त्रेचाळीस त्रेचाळीसच राहणार आहे ना."

नत्थूजी थांबले. "साहेब, ते त्रेचाळीस अन् हे त्रेचाळीस एक आहे का? त्या त्रेचाळीसमंधी बुजलेली हाये, अन् ही बाई नाई."

मग प्रशिकला रंभाबाईची गोष्ट कळली. रंभाबाईनं ही विहीर चार वर्षांपूर्वी खणली. पाणी चांगलं लागलं. तिनं पंपासाठी अर्ज केला. सातबाऱ्यावर नत्थूजींनी विहीर केव्हाच चढवून दिली होती. पण पंपाचे अर्ज तपासणारं कॉम्प्युटर सातबारा वाचत नव्हतं, ते मागच्या मोजणीची यादी वाचत होतं. तिथून दोनदा उत्तर आलं, 'सदर गटात विहीर आढळत नाही.' तिसऱ्यांदा रंभाबाई स्वतः गेली. टेबलामागच्या माणसानं तिला पडद्यावर दाखवलं: पाहा बाई, नाही. ती म्हणाली, मी तिचं पाणी पिऊन आली. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण यादीत नाही. नव्या मोजणीत आली की या. तोवर पाणी शेजाऱ्याच्या डिझेल इंजिनानं, त्याचं रान भिजून झाल्यावर, त्याची मर्जी असली तर. नाहीतर बादली. पालक, मेथी, कोथिंबीर, अख्खं रान बादलीनं.

"अन् यंदा चुकली तं मंग कधी?" तिनं प्रशिकला विचारलं. पुढची मोजणी पाच-सहा वर्षांनी असते, हे त्याला पाठ होतं. त्यानं ते सांगितलं. तिनं आपल्या उजव्या खांद्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा जुड्या बांधायला बसली.

प्रशिक म्हणाला, "मग असं करू. माझ्या मोबाईलवर तेच अ‍ॅप आहे. फक्त हिची विहीर टाकू आणि मोकळे होऊ."

त्यानं अ‍ॅप उघडलं. 'नवीन विहीर' हे बटण करड्या रंगाचं होतं, दाबलं जात नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की जुन्या यादीतील सर्व विहिरींची पडताळणी पूर्ण झाल्यावरच नवीन विहीर नोंदवता येईल. नत्थूजी तोवर पुष्कळ पुढे गेले होते. प्रशिक बूट सावरत त्यांच्यामागे धावला.

त्यानं वाटेत दुसरी युक्ती काढली. "नत्थूजी, नऊ दिवसांत तुम्ही मोजलंयच ना सगळं. तुम्हाला पाठ असेल."

"आहे ना. एक नंबर, दादाजीची, नऊ पूर्णांक चार, पाणी पाच पूर्णांक दोन."

"मग सांगा, मी इथंच बसून भरतो. तासाभरात होईल."

"भरान तुम्ही. पण फॉर्मवर काय लिवलं आहे? आज पाहिली का. आज मी पाहिली नाई."

हा नत्थूजींचा हट्ट जुना होता आणि घरीदारी महागात पडलेला होता. पीक कापणी प्रयोगाचंच घ्या. गावात यंदा पीक किती उतरलं हे ठरवायला कोणाच्या शेतात, किती पावलं पूर्वेला आणि किती उत्तरेला जाऊन दोरीनं चौकोन आखायचा, हे वरून आलेल्या नंबरांवर ठरतं. नंबर पडेल तिथलं पीक कापायचं, वजन करायचं. शेतकरी हात धरून म्हणतो, पटवारीभाऊ, इकडच्या कोपऱ्यात या, इथं पाहा कसं आहे. नत्थूजी नंबराच्या जागेवरून हलत नसत. एका वर्षी नंबर शोभाताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, भावाच्या शेतात पडला आणि नेमका म्हशी बसून गेलेल्या जागेवर. भावानं विनवलं. शोभाताईंनी घरून निरोप पाठवला. नत्थूजींनी म्हशींनी लोळवलेली तूर कापली, दाणे वेचले, वजन केलं, लिहिलं. त्या वर्षी शोभाताईंचा भाऊ राखी बांधून घ्यायला आला तो उंबऱ्यात उभा राहूनच हात पुढे करून गेला.

"म्हशी बसल्या, हे खरं होतं ना," नत्थूजी सांगत. "मंग?"

शनिवारी दिवस मावळेपर्यंत नऊ विहिरी झाल्या. रविवारी सकाळी प्रशिक नागपूरहून पहिल्या बसनं परत आला, या वेळी जुने बूट घालून. नत्थूजींनी त्याला एकच नियम सांगितला: मोजणी चालू असताना कोणाच्याही घरी चहा घ्यायचा नाही.

"का?"

"चहा झाला का मानूस म्हनते, भाऊ, माही विहीर थोडी खोल लिवा. चहावर खोली वाढते. पानी घेता येते. ते त्याच विहिरीचं राहते."

म्हणून प्रशिक पाणी प्यायला. शनिवारी सगळ्या विहिरींना त्यानं नको म्हटलं होतं, पण रविवारी दहा नंबरच्या विहिरीवाल्यानं विचारलं, "साहेब काहून पिऊन नाई राहिले? पान्यात काही निघालं का?" आणि बघता बघता शेजारपाजारची चार माणसं जमली, एकानं आपल्या पोराची पोटदुखी याच पाण्यानं असल्याचं जाहीर केलं. ती अफवा थांबवायला प्रशिकनं लोटाभर पाणी घटाघटा पिऊन दाखवलं. तिथून पुढे त्याला प्रत्येक विहिरीवर प्यावंच लागलं, कारण त्यानं दहा नंबरचं पाणी प्यायल्याची बातमी त्याच्या पुढे धावत होती आणि आपलं पाणी साहेबानं न पिणं हा अपमान ठरत होता. विसाव्या विहिरीपर्यंत तो चालताना डचमळू लागला. तरी पण त्याला एक गोष्ट कबूल करावी लागली. पाण्याला खरंच चवी होत्या. चौदा नंबरचं जड, सोळा नंबरचं गोड, आणि सतरा नंबरच्या पाण्याला चुलीतल्या राखेसारखी काहीतरी चव. तिथून चिमण्या अगदी समोर दिसत. दुसऱ्या मजल्यावर पंख्याखाली या सगळ्याचा एकच रकाना होता.

एकोणीस नंबर ही बुजलेली विहीर. तिच्या जागी आता देवाजींचं लॉन होतं. देवाजींनी आपलं दीड एकर रान सपाट करून त्यावर हिरवळ लावली होती, लग्नासाठी द्यायला, आणि विहीर भरून तिच्या बरोबर डोक्यावर नवरानवरीचं स्टेज बांधलं होतं. स्टेजवर सिंहाच्या तोंडाच्या दोन खुर्च्या होत्या.

"परवाच तं फोटो काढला गा, नत्थूजी," देवाजी म्हणाले. "मीच बसलो होतो. आज पुन्हा?"

"तो बुडला," नत्थूजी म्हणाले.

देवाजींना वेगळंच दुःख होतं. त्यांची जमीन 'बिगरशेती'च्या रकान्यात गेली होती, ती त्यांना सिंचनाखालच्या क्षेत्रात हवी होती. "साहेब, तुमीच पाहा. दिवसातून दोनदा फवारे लावतो. पूर्ण गावात एवढं हिरवं रान दाखवा मले."

"पीक कोणतं?" प्रशिकनं सवयीनं विचारलं.

"लगनं," देवाजी म्हणाले. "खरिपात नाही होत. रब्बीत अन् उन्हाळ्यात चांगलं येते."

नत्थूजींनी मान हलवली. "खायले येईन ते पीक."

"जेवनं उठतात ना पाचशे पाचशे."

प्रशिकनं अ‍ॅप उघडलं. विहीर अस्तित्वात नसल्यास, अस्तित्वात नसलेल्या विहिरीचा फोटो जोडायचा होता. फोटोत विहिरीची जागा आणि तिच्या शेजारी एक व्यक्ती स्पष्ट दिसायला हवी होती. देवाजी आता बसायला तयार नव्हते. परवा आपण दाढी करून बसलो होतो, आज केलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. नत्थूजी दोरी धरून उभे. तेव्हा देशाच्या सिंचन नोंदीसाठी प्रशिक स्टेजवर चढला आणि सिंहाच्या खुर्चीत बसला. "खाली हात दाखवा," नत्थूजी मोबाईल धरून म्हणाले. "इथं होती असं." प्रशिकनं हात दाखवला. फोटो चांगला आला. मागे झेंडूच्या कागदी माळा, समोर हात पसरलेला प्रशिक, शेजारची खुर्ची रिकामी, आणि खाली शीर्षक, 'विहीर क्र. १९, अस्तित्वात नाही.' हा फोटो आईच्या हाती पडला तर ती रिकाम्या खुर्चीचा प्रश्न आधी काढेल, हे प्रशिकला ठाऊक होतं.

रविवारी रात्र पडायच्या आत बत्तीस विहिरी झाल्या. सोमवारी सकाळी प्रशिकनं कार्यालयात रजा कळवायला फोन केला तर अदिती मॅडम म्हणाल्या, "अरे, त्रेचाळीस आलेलंच आहे. कशाला उन्हात फिरतोस?"

"मॅडम, पडताळणी चालू आहे."

"काय पडताळतोयस?"

"की ते त्रेचाळीसच आहेत."

मॅडम हळू म्हणाल्या, "म्हणजे बदल शून्य."

"हो मॅडम. पण तो शून्य खरा पाहिजे," असं काहीतरी तो बोलून गेला आणि आपण नत्थूजींसारखं बोललो हे लक्षात येऊन स्वतःच चपापला.

सदतीस नंबरवाला जावयाकडे गेला होता आणि विहिरीच्या जाळीला कुलूप. ती किल्ली येईस्तोवर सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात प्रशिकनं नत्थूजींना पुन्हा एकदा विनवलं, की कुलूपबंद विहीर आपण जाळीतून पाहिलीच आहे, खूण करून टाकू. नत्थूजी जाळीपाशी बसून राहिले. जाळीतून विहीर दिसत होती. लोटा जात नव्हता. एकदा उठून त्यांनी रंभाबाईच्या रानाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि पुन्हा बसले. त्यांनाही घाई आहे, हे प्रशिकला तेव्हाच कळलं.

त्रेचाळिसावी नोंद झाली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. प्रशिकच्या मोबाईलवर 'नवीन विहीर' हे बटण करड्याचं हिरवं झालं. दोघं बांधाबांधानं जवळजवळ पळतच रंभाबाईच्या रानात आले.

रंभाबाई विहिरीच्या कठड्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या हातात बैलाचा कासरा होता.

"पहिले बांधा," ती म्हणाली.

"काय बांधायचं?"

"तुमचा मोबाईल. अन् तुमाले. बिनाबांध्याचं काही माह्या विहिरीवर आनू नका."

वाद घालायला वेळ नव्हता. तिनं मोबाईल कासऱ्याच्या एका टोकाला असा आवळला, की फक्त कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहिला. दुसरं टोक प्रशिकच्या मनगटाला. आणि मधला भाग स्वतःच्या मुठीत. अशा अवस्थेत जिल्ह्याच्या सांख्यिकी सहायकानं कठड्यावर ओणवं होऊन फोटो काढला. पाण्याची पातळी स्पष्ट दिसत होती. नत्थूजींनी लोटा सोडला, गाठी मोजल्या. खोली दहा पूर्णांक एक. पाणी सात पूर्णांक सहा. त्यांनी घोटभर पाणी पिऊन मान हलवली, आणि प्रशिकनं 'वापरात आहे' यावर खूण केली. 'पाणी उपसण्याचे साधन' या रकान्यात त्यानं 'बादली' लिहिलं. अ‍ॅपनं विचारलं, 'बादलीची अश्वशक्ती?' प्रशिकनं रंभाबाईकडे एकदा पाहिलं आणि शून्य टाकलं.

"झालं?" रंभाबाईनं विचारलं.

"पाठवायचं राहिलं," प्रशिक म्हणाला. "टेकडीवरून."

"मंग इथं काहून उभे आहा?"

पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर चढायला पंधरा मिनिटं लागतात, असं नत्थूजी म्हणत. गावभरच्या विहिरींचं पाणी पोटात असेल तर बावीस. चार वाजून चाळीस मिनिटांनी मोबाईलमध्ये एक रेघ आली. गेली. नत्थूजींनी प्रशिकला टाकीच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढवलं, हात वर धरायला लावला. "नाई, डावीकडे. अजून. हं, तिथं राहा." तो तसाच उभा राहिला, एक पाय शिडीवर, एक हवेत. गोल चकती फिरत होती. एकोणीस नंबरचा फोटो फार मोठा निघाला. ते स्टेज, त्या माळा, ते सिंह, सगळं एका बारीक रेघेतून दिल्लीला जायचं होतं. चार अठ्ठेचाळीस. चार एक्कावन्न. प्रशिकच्या हाताला मुंग्या आल्या. नत्थूजी खाली उभे राहून पडद्याकडे न बघता खालच्या रानाकडे बघत होते.

चार छप्पन्नला पडदा हिरवा झाला. मोहगोंदीची माहिती स्वीकारली गेली होती. प्रशिक शिडीवरून उतरला, पायरीवरच बसला, आणि त्यानं गावाचा तक्ता उघडला. सगळ्या नोंदी एका ओळीत गोळा होऊन आल्या होत्या:

'मागील मोजणी: ४३. चालू मोजणी: ४३. बदल: ०.'

त्यानं तालुक्याचा तक्ता उघडला. तोही तसाच. जिल्ह्याचा तर कुठे हललाच नव्हता. त्याला हसू यायला लागलं, आणि पोटातल्या पाण्यामुळे ते नीट हसताही येईना.

"नत्थूजी, तीन दिवस. पायाला फोड आले. अख्ख्या गावाचं पाणी प्यायलो. आणि हे पाहा, बदल शून्य. आपण मोजलं नसतं तरी हाच आकडा गेला असता. मग आपण केलं तरी नेमकं काय?"

नत्थूजींनी डोळे बारीक करून मोबाईलचा पडदा वाचला, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाले,

"रंभाबाईले विचारा."